पान्हा

रात्री पावणेतीनला फोन येतो तेव्हा
पलीकडे माणूस नसतं.
गोठ्याचा क्रमांक, बिघाडाचा आकडा,
आणि एक बाई, जी कुठेच नाही,
तीनदा तेच वाक्य म्हणते.
मी मोजे शोधते.

निघेपर्यंत घरही थोडं जागं होतं.
दिवाणाखाली अडकलेली केर काढणारी तबकडी
उचला, मला उचला, म्हणून कण्हते.
मुलानं तिचं नाव ठेवलंय म्हातारी,
कारण ती रोज तिथेच अडकते
आणि रोज तिला त्याचं नवल वाटतं.
मी तिला पायानंच सोडवते.

डोक्कमच्या पुढे रस्ता कालव्याला चिकटून जातो.
फ्रीसलंडातलं धुकं. बांध कुठे संपतो
ते फक्त मेंढ्यांना ठाऊक.
गेल्या महिन्यात इस्पितळात
चार पोलादी हातांनी माझ्या नवऱ्याच्या पोटातली गाठ काढली.
डॉक्टरीणबाई खोलीच्या कोपऱ्यात बसल्या होत्या म्हणे,
त्याच्याकडे पाठ करून, बूट काढून.
मी नंतर त्यांना विचारलं,
याचं सर्व्हिसिंग कधी झालं होतं?
त्या हसल्या.
मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं.

हिल्के दारातच उभा, पायजम्यावर डगला.
आत शेण ढकलणारं यंत्र
कासवाच्या चालीनं फेरी घालतंय.
गाय आडवी आली की थांबतं, वाट बघतं,
माझ्या ओळखीतल्या बऱ्याच माणसांहून शहाणं.
दुसरं, लाल, गोलमटोल,
गव्हाणीच्या कडेनं वैरण सारत गेलं आणि आलं.
सत्तर गाई. मर्जीनं रांगेत येतात,
दूध देतात, चंदी खातात, जातात.
साडेचारला उठायचं कारण
सात वर्षांपूर्वी संपलं, हिल्के सांगतो.
उठणं तेवढं संपलं नाही.

एकशे बारा नंबरची. नाव आउक्ये.
तांबडा किरण तिच्या कासेखाली फिरतो,
मागचे दोन सड शोधतो,
सापडत नाहीत.
हात मागे येतो. पुन्हा जातो.
अकरा वेळा.
मी भिंग पुसते, रबर बदलते,
पान्हा घेऊन सांधा कसते,
तिच्या कासेची मापं त्याला नव्यानं शिकवते.
बाराव्यांदा.
आउक्ये छताकडे बघत राहते,
दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी.

यंत्रात काही नाही, मी म्हणते.
ठाऊक आहे, तो म्हणतो.
सातव्या वेतानंतर कास ओघळली तिची,
सड एकमेकांत शिरलेत.
जे यंत्राला सापडत नाही
त्याच्यासाठी कागदावर एक शब्द आहे: अयोग्य.
मग मंगळवारी ट्रक येतो.

मी खोका आवरत होते.
त्यानं औषधांच्या कपाटामागून स्टूल ओढलं,
तळवे पायजम्यावर घासून गरम केले
आणि कपाळ टेकवलं तिच्या कुशीला.
आधी काहीच नाही.
फक्त लाल गोलमटोल आला, गेला.
मग एक लांब सुस्कारा, तिचा की त्याचा,
ती अंगात सैलावली,
आणि बादलीत वाजली धार.
कितीतरी वर्षांनी त्या गोठ्यात
काहीतरी बेताल वाजत होतं.
बोटं चुकत होती त्याची,
अंगठ्यात गोळा येत होता,
शिवी घालून तो हात झटके, पुन्हा धरे.
डोकं न उचलता म्हणाला,
अहवालात काय लिहिणार?

यंत्र आमच्यामागे हात आखडून उभं,
दिवा हिरवा.
मी पान्हा पुसून खिशात घातला.
लिहिलं: भिंग मळलं होतं. साफ केलं.
एकशे बारा, ठीक.

उद्याही हाच फोन येईल, मी म्हटलं.
त्याला ऐकू गेलं नाही,
बादली अर्धी भरली होती.